घराजवळच मोडू दे: नाशिकहून स्पीती-लेहला निघण्याआधी मोटारसायकलची तयारी

माझ्या पहिल्या लांबच्या सफरीत सामानाचं कॅरिअर सेंधव्याजवळ तुटलं. नाशिक सोडून जेमतेम अडीचशे किलोमीटर झाले होते. हिमालय तर सोडाच, अजून नर्मदाही ओलांडली नव्हती. डाव्या बाजूची पाइप वेल्डपाशी तडकली, बॅग चाकाला घासायला लागली, आणि पुढचे दोन तास मी एका ढाब्यामागे बाइंडिंग वायरने कॅरिअर आवळत बसलो. ज्याने ते बनवून दिलं त्याचं वेल्डिंग वरवरचं होतं, हे खरं. पण मी ते बसवलं होतं निघायच्या आदल्या संध्याकाळी, आणि ही चूक सगळी माझी. आठवडाभर आधी सामान लादून त्र्यंबकला जाऊन आलो असतो, तर तेच वेल्ड तळेगाव-अंजनेरीच्या आसपास सुटलं असतं आणि संध्याकाळपर्यंत नाशिकच्याच अंबडमध्ये दुरुस्त झालं असतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. जे मोडायचं ते घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत मोडू दे. खाली जे लिहिलंय ते सगळं या नियमाभोवती फिरतं. नवीन वस्तू बसवणं हा तयारीचा छोटा भाग. मोठा भाग म्हणजे गाडी स्वतःच्या हाताने उघडणं, पुन्हा बसवणं, आणि मग नाशिकच्या घाटांत तिला मुद्दाम त्रास देणं.

कधी निघायचं, तिथून उलटं मोजा

मनाली-लेह रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरात बर्फ पडायला लागला की बंद होत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळतात. म्हणून आपल्यासाठी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सोयीचा. दुसरा फायदा असा की तयारीचे दोन महिने बरोबर आपल्या पावसाळ्यात येतात. त्र्यंबक, हरसूल, पेठ, इगतपुरी या पट्ट्यात तेव्हा चिखल, धुकं, खड्डे, फरशीवरून वाहणारं पाणी असं सगळं फुकट मिळतं. गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा पैसे देऊनही मिळणार नाही.

मी सिमल्याकडून जातो: किन्नौर, काझा, कुंझुम, ग्राम्फू, केलाँग आणि मग लेह. या वाटेने उंची हळूहळू वाढते. ते माणसालाही बरं आणि गाडीलाही. परत मनालीवरून. नाशिक ते चंदीगड दीड हजार किलोमीटरच्या आसपास धरा, म्हणजे सगळा फेरा पाच हजारांच्या जवळ जातो. यातला अर्ध्याहून जास्त रस्ता गुळगुळीत महामार्ग आहे, हे लोक विसरतात. नुसती दगडधोंड्यांची तयारी करून निघालेली गाडी आग्रा रोडवरच दमवते.

गाडी कोणती

माझी हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही आहे. १९९.६ सीसी, १३ लिटरची टाकी, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, वजन १६० किलोच्या आत. महामार्गावर ती ऐंशीच्या पुढे कुरकुरते. पण आडवी पडली की एकट्याने उचलता येते, आणि माझ्या लेखी हा मोठा गुण आहे. रॉयल एनफिल्डची जुनी ४११ सीसीची हिमालयन लांबच्या रस्त्यावर जास्त आरामाची, टाकीही १५ लिटरची. पण ती दोनशे किलोच्या घरात जाते. चौदा हजार फुटांवर, दम लागलेला असताना, ओढ्यात पडलेली दोनशे किलोची गाडी आणि तिच्यावरचं सामान उचलून बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तुमच्याकडे जी गाडी आहे तीच घ्या. नवी घेऊन महिन्याभरात निघण्यापेक्षा, जिचा प्रत्येक आवाज ओळखीचा आहे ती जुनी गाडी बरी.

आधी धुवा, मग उघडा

सहा ते आठ आठवडे आधी गाडी स्वच्छ धुवून घ्या. धुतल्याशिवाय गळती दिसत नाही आणि फ्रेमला गेलेली भेगही दिसत नाही. मग सर्व्हिसिंगला टाकून घरी जाऊ नका, मिस्त्रीशेजारी बसा. आमचे चाचा भद्रकालीत चाळीस वर्षं गाड्या खोलतायत. पहिल्यांदा मी म्हणालो, "चाचा, संध्याकाळी घ्यायला येतो." ते म्हणाले, "भाऊ, तिथं मी येणार आहे का? बसा इथं, पाना धरा." तो दिवस मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवून गेला.

बघायचं काय? हँडलच्या कोनसेटपासून, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगपासून सुरुवात करा. पुढचं चाक उचलून हँडल हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं, खाच पडल्यासारखं वाटलं, तर कोनसेट गेला. शहरात तो आणखी पाच हजार किलोमीटर ओढता येतो. खडीच्या रस्त्यावर तोच गाडीला सरळ चालू देत नाही. मग चाकं. चाक वर-खाली धरून हलवा, खटखट वाटली तर बेअरिंग बदला. त्याच मापाचं एक जादा बेअरिंग पिशवीत घालून बरोबर ठेवा. वजन नगण्य, आणि काझात तुमच्या मापाचं मिळेलच असं नाही.

मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), सस्पेन्शनच्या लिंकेज, साइड स्टँडचा पिन या जागांना ग्रीस मारायचं काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये कोणी करत नाही. मुद्दाम सांगून करून घ्या. इंजिनचं व्हॉल्व्ह सेटिंग गाडी पूर्ण थंड असताना, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर नवं, तेही सीलबंद बाटलीतलं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि लांब उतारावर तापलं की लिव्हर मऊ पडते. इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं. एअर फिल्टर नवा टाका. जुना झटकून स्वच्छ करून ठेवा, धुळीच्या पट्ट्यानंतर बदलायला कामी येतो.

आणि एक बायकोच्या कपाटातली युक्ती. प्रत्येक महत्त्वाचा नट नीट घट्ट केला की नट आणि त्याखालचा भाग यांवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. एक्सल, ब्रेक कॅलिपर, हँडलचे क्लँप, इंजिन माउंटिंग, कॅरिअरचे बोल्ट, सगळीकडे. रोज सकाळी पाना न लावता नुसतं बघायचं. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. माझ्या गाडीवर गडद लाल रेघा आहेत. आमच्या घरी यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं.

टायर-ट्यूब: इथे घाई नको

या प्रकारच्या बहुतेक गाड्यांना तारेची चाकं आणि ट्यूबचे टायर असतात. म्हणजे पंक्चर झालं की ट्यूबलेससारखी वरून दोरी ठोकून पुढे जाता येत नाही, टायर उतरवावाच लागतो. म्हणून पंक्चर काढता येणं ही माझ्या मते या सफरीची किमान पात्रता आहे. इंजिन खोलता नाही आलं तरी चालेल.

टायर अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर नवीन टाका, पण निघायच्या किमान पाचशे किलोमीटर आधी. मोठ्या गुट्ट्यांचा टायर दिसायला मर्दानी असतो, पण इंदूर-ग्वाल्हेरच्या सिमेंटवर तो भुर्रर्र आवाज करत झिजतो आणि ओल्या डांबरावर घसरतो. निम्मा डांबर-निम्मी खडी असा मधला नमुना घ्या. नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी, जाड. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते.

आता सराव. एखाद्या रविवारी अंगणात किंवा पार्किंगमध्ये बसा. मागचं चाक काढा, हवा पूर्ण सोडा, टायरची कड रिंगपासून पायाने दाबून सोडवा. मग तीन टॉमी (टायर उचकटायच्या सळ्या) घ्या, दोन पुरत नाहीत. टॉमी लावताना समोरच्या बाजूची कड गुडघ्याने रिंगच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा, तरच अलीकडे ढील मिळते. नव्या माणसाला टायर 'कडक' वाटतो तो बहुतेक वेळा याचमुळे. कडेला साबणाचं पाणी लावा. ट्यूब काढली की टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा, कारण बाभळीचा काटा टायरमध्येच राहिला असेल तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. ट्यूब कानसेने खरवडा, सोल्युशन लावा आणि ते वाळू द्या. ओल्या सोल्युशनवर पॅच चिकटवण्याची घाई सगळे करतात, मीही केली आहे. परत बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरून घ्या म्हणजे ती टॉमीखाली चिमटली जात नाही. शेवटचा वीतभर टायर नेहमी व्हॉल्व्हपाशी संपवा, आणि त्याआधी व्हॉल्व्ह आत ढकलून बघा.

हे दोनदा करा. पहिल्यांदा मला दीड तास लागला होता आणि ट्यूबला नवीन दोन भोकं पडली होती. तिसऱ्या वेळी पस्तीस मिनिटं.

व्हॉल्व्हचा छोटा नट रिंगला घट्ट आवळून ठेवू नका, वर टोपीपाशी आणून ठेवा. कमी हवेत टायर रिंगवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि तुम्हाला कळतं. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह ट्यूबमधून उपटूनच येतो. अतिरिक्त ट्यूब एकच घ्यायची जागा असेल तर पुढची, २१ इंची घ्या. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकात भागवता येते, मागची पुढे येत नाही. अर्थात तात्पुरती, पुढच्या गावापर्यंत, सावकाश.

महामार्गावर हवा पुस्तकात सामानासकटच्या वजनासाठी दिलेली असेल तेवढी. खडीवर थोडी कमी करा, पण ट्यूबचा टायर आणि मागे सामान असताना वीस पीएसआयच्या खाली मी जात नाही. त्याहून कमी हवेत दगडावर ट्यूब रिंगमध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पायाने मारायचा पंप घ्या किंवा बॅटरीवरचा छोटा. मी दोन्ही नेतो, कारण बॅटरीवरचा एकदा ऐन वेळी रुसला होता.

तारा म्हणजे स्पोक. छोट्या पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारा. सगळ्यांचा आवाज साधारण एका सुरात यायला हवा, एखादी 'ठप' वाजली तर ती ढिली. चाकाचा आउट (वेडंवाकडं फिरणं) काढून घ्यायचं काम जुन्या सायकलवाल्या हाताचं असतं, असा कारागीर शोधून त्याच्याकडेच द्या.

चेन

चेन-स्प्रॉकेट वीस हजारांच्या जवळ पोचलं असेल तर पूर्ण सेट बदला. नुसती चेन बदलू नका, जुने दाते नवी चेन खातात. ताण मोजताना मोठी चूक होते ती अशी: गाडी रिकामी, मिस्त्री बोटाने उचलून बघतो, "बरोबर आहे" म्हणतो. पण लांब सस्पेन्शनच्या गाडीत, तुम्ही आणि सामान बसल्यावर मागचं चाक वर येतं आणि चेन आवळली जाते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा ती सर्वात जास्त ताणलेली असते. म्हणून गाडी लादा, वर बसा, गरज पडली तर मित्राला मागे बसवून गाडी त्या रेषेपर्यंत दाबा, आणि त्या अवस्थेत चेनला थोडी ढील उरते का ते दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. जास्त ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते. ढिली चेन आवाज करते, फारच ढिली असली तर उतरते. दोन्हीत निवडायचं झालं तर मी ढिली घेईन.

साफ करायला रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोल नको. त्याने चेनमधल्या रबरी रिंगा कडक होतात. मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूने, गाडी चालवून झाल्यावर चेन गरम असताना. दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसातून आलात तर त्याच रात्री. चेन लॉक, म्हणजे चेन जोडायच्या कड्या, दोन ठेवा.

उभं राहून चालवता येतं का

खराब रस्त्यावर पाय ठेवायच्या फूटपेगवर उभं राहूनच चालवावं लागतं. गाडी स्टँडवर घेऊन पेगवर उभे राहा, डोळे मिटा, हात नैसर्गिकपणे पुढे आणा. हँडल तिथेच सापडलं पाहिजे. वाकावं लागत असेल तर रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) टाका, पण टाकल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना ते बघा. क्लच-ब्रेकच्या लिव्हर जरा खाली झुकवा. त्यांचे क्लँप अगदी जीव खाऊन आवळू नका. क्लँपखाली नळवाल्याची टेफ्लॉन पट्टी दोन वेढे गुंडाळली की गाडी पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरते. हातरक्षक मात्र आत धातूची पट्टी असलेलेच. नुसते प्लॅस्टिकचे थंडी अडवतात, दगड नाही.

क्लच केबलची युक्ती जुनी आहे, पण अजूनही अर्ध्या लोकांना माहीत नसते. नवी केबल बॅगेत ठेवू नका. जुन्या केबलला चिकटून, त्याच वाटेने, केबल टायने बांधून टाका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा म्हणजे धूळ-पाणी जात नाही. तुटली की फक्त टोकं बदलायची, पाच मिनिटांचं काम. ॲक्सिलरेटरचीही तशीच.

मागच्या शॉकअपचं प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) सामानासकट लावा. सस्पेन्शन पूर्ण सैल असताना एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत माप घ्या, मग लादून, वर बसून पुन्हा घ्या. एकूण हालचालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास बसली पाहिजे. १७० मिलिमीटर हालचाल असेल तर पंचावन्न-साठ मिलिमीटर. त्याहून जास्त बसली तर स्प्रिंग आवळा. पुढच्या फोर्कवर वाळलेला चिखल राहू देऊ नका, तोच ऑइल सील कापतो.

कॅरिअर आणि सामान

इथे मी जखमी माणूस आहे, म्हणून जरा जास्त बोलतो.

अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कॅरिअर बनवून देणारे पुष्कळ छोटे कारखाने आहेत, आणि चांगला कारागीर मिळाला तर बाजारातल्या तयार कॅरिअरपेक्षा ते मजबूत होतं. फक्त समोर उभं राहून बनवून घ्या. पाइप कुठे वाकते तिथे वेल्ड नको. कोपऱ्यात एक त्रिकोणी पट्टी लावून घ्या. डाव्या आणि उजव्या बाजूला मागून आडवी जोडणारी पट्टी हवीच, नाहीतर दोन्ही बाजू स्वतंत्र हलतात आणि महिन्यात तडकतात. माझ्या तुटलेल्या कॅरिअरला वेल्ड वरवरचं होतंच, शिवाय ही पट्टीही नव्हती. गाडीच्या फ्रेमवर मात्र वेल्डिंग अजिबात नको, सगळं बोल्टने. आणि गाडीवर काहीही वेल्ड करायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर पेट्रोल इंजेक्शनचा कंट्रोलर जायचा धोका.

बोल्टना निळं लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. जिथे बॅगेचा पट्टा पाइपला घासतो तिथे ठिबकच्या नळीचा तुकडा उभा चिरून चढवा. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेच्या बांधावर जुनी नळी पडलेली असते, बागायतदार मित्राला मागा. टॉमीखाली रिंगवर ओरखडा पडू नये म्हणून ठेवायलाही हेच तुकडे उत्तम.

वजन खाली आणि पुढे. अवजारं, ट्यूब, पाणी असं जड ते बाजूच्या बॅगेत, तळाला, चालकाच्या जवळ. वर सीटवर फक्त हलकं, म्हणजे झोपायची पिशवी, कपडे. मागच्या दिव्याच्या पलीकडे लटकणारं प्रत्येक किलो फ्रेमचा शेपटीचा भाग तोडायला बघतं. मोठ्या कडक पेट्यांपेक्षा मऊ बॅगा घ्या. गाडी पडल्यावर पाय पेटीखाली सापडला की नडगी मोडते.

आणि सामान जमिनीवर मांडून, निम्मं परत कपाटात ठेवा. आई चिवड्याचा डबा देईलच, तो तेवढा घ्या.

वीज, पाणी, पेट्रोल

जादा दिवे लावायचे तर रिले आणि फ्यूजसकट. वीस-वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे चाळीस वॅट, बारा व्होल्टवर साडेतीन अँपियरच्याही आत. पाच अँपियरचा फ्यूज पुरतो, तो बॅटरीच्या अगदी जवळ लावा. मोबाइल चार्जरलाही स्वतंत्र फ्यूज हवा. वायर कापून पिळून चिकटपट्टी लावणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर गाडी तिथून हलवा. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर बदला, कारण सरचूसारख्या ठिकाणी सकाळी गोठवणारी थंडी असते आणि बऱ्याच नव्या गाड्यांना किक नाही.

उंचीवर ताकद कमी होणारच. लेहच्या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. इंजेक्शन मिश्रण सांभाळून घेतं, पण नसलेला प्राणवायू कुठून आणणार? गाडी बिघडली म्हणून घाबरू नका, खालच्या गिअरमध्ये चढा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर ती उंचीवर जास्त पेट्रोल पिते, काळा धूर काढते. स्वच्छ एअर फिल्टर आणि एक जादा प्लग ठेवा.

पेट्रोलचा हिशोब आधी करा. केलाँगच्या अलीकडे टांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे. नाशिकमध्ये पस्तीस-चाळीस देणारी गाडी लादून, चढावर, खालच्या गिअरमध्ये अठ्ठावीस धरा. ३६५ भागिले २८ म्हणजे साधारण तेरा लिटर, माझी टाकी शेवटच्या थेंबापर्यंत. म्हणून पाच लिटरचा धातूचा कॅन. काठोकाठ भरू नका, उंचीवर वाफ फुगते. उघडताना झाकण हळूच सैल करून हवा सोडा, जवळ सिगारेटवाला नसताना. कॅन रिकामा असतानाही एकदा लावून बघा, खडखडतो का.

ओढ्यांचा नियम सोपा आहे. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर वाढतं, म्हणून सकाळी लवकर ओलांडा. आधी चालत जा, न जमल्यास थांबा. इंजिनात पाणी गेलं अशी शंका आली तर बटण दाबू नका. प्लग काढा, मग स्टार्टर मारून पाणी बाहेर फेका. तुमच्या गाडीचं हवा ओढायचं तोंड कुठे आहे ते आत्ताच सीट काढून बघून ठेवा.

अवजारांची पिशवी

एकच कसोटी: गाडीवरचा प्रत्येक नट या पिशवीतल्या पान्यांनी उघडतो का? रविवारी पिशवी घेऊन गाडीभोवती फिरा आणि प्रत्येकाला पाना लावून बघा. कंपनीच्या पिशवीत एक्सलचा पाना बऱ्याचदा नसतो किंवा हाताला पुरत नाही. दहा-बारा-चौदाचे पाने, एलन की, पकड, दोन्ही तोंडांचा स्क्रूड्रायव्हर, टॉमी, पंक्चरचं साहित्य. सुटे भाग: ट्यूब, क्लच आणि ब्रेक लिव्हर, गिअर लिव्हर, ब्रेक पॅड, प्लग, फ्यूज. आणि जुगाडाचा डबा: बाइंडिंग वायर, केबल टाय, चिकटपट्टी, एम-सील, दोनचार जादा नटबोल्ट. ज्या भागाचं काम येत नाही तोसुद्धा न्या, काम येणारा माणूस रस्त्यात भेटतो, भाग भेटत नाही.

रंगीत तालीम

आता खरी मजा. सगळं सामान, भरलेला कॅन, पाणी, अंगावर पूर्ण कपडे. 'थोडंसं कमी' चालणार नाही.

पहिली फेरी छोटी. त्र्यंबकेश्वरवरून हरसूल आणि परत. रस्ता अरुंद, खड्डे, पाऊस. घरी आल्यावर नेलपॉलिशच्या रेघा तपासा, पट्टे कुठे घासले ते बघा. दुसरी लांब: त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार, तिथून मागे. किंवा वणी, सुरगाणा, हातगड, सापुतारा. एक रात्र बाहेर काढा. सामान अंधारात, पावसात उतरवून पुन्हा बांधायला किती वेळ लागतो ते मोजा. पहिल्या दिवशी पाऊण तास लागेल. हा पाऊण तास रोज लागला तर पंधरा दिवसांत तुम्ही त्या बॅगांचा तिरस्कार कराल.

तिसरी फेरी महामार्गाची. धुळ्यापर्यंत जाऊन परत, तीनशे किलोमीटरच्या वर, एकाच दिवसात. यात गाडीपेक्षा बसण्याची जागा तपासायची असते. सीट त्रास देत असेल तर ती आत्ताच बदलून घ्या, ग्वाल्हेरला पोचून काही करता येत नाही. याच फेरीत भरलेल्या गाडीचं खरं ॲव्हरेज कळतं.

तिसऱ्या फेरीनंतर नवीन काहीही बसवायचं नाही. दिवा नाही, स्टिकरसुद्धा नाही.

कागद आणि बाकीचं

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. डिजिलॉकरमध्ये ठेवा आणि कागदी प्रतीही, कारण नेटवर्क नसतं. विम्याची आणि पीयूसीची तारीख परतीच्या दिवसानंतरची हवी. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं चालत नाहीत, पोस्टपेड न्या. नुब्रा-पँगाँगकडे जायचं तर तिथल्या परवानगीचे ताजे नियम निघण्याआधी बघा.

चंदीगडपर्यंतचं अंतर टाळायचं असेल तर नाशिकरोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून गाडी दिल्लीला पाठवता येते. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. आरसे, हातरक्षक काढून, टाकीवर गोणपाट बांधून द्या. मी एकदा पाठवली, पण त्यात आग्रा रोडचा थरकाप वाचतो तशी गाडीशी जमलेली लयही जाते. मला चालवतच जायला आवडतं.

निघायच्या आदल्या दिवशी गाडीला हात लावू नका, फक्त टाकी भरा. पहाटे, टायर थंड असताना हवा तपासा. मुंबई नाक्यावरून, द्वारकेवरून गर्दी होण्याआधी बाहेर पडा आणि पहिला थांबा चांदवडला घ्या, साठ-पासष्ट किलोमीटरवर. चहा सांगा, आणि चहा येईपर्यंत दोन्ही चाकांच्या हबला हात लावून बघा. हात ठेवता येत नाही इतकं एक गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. पट्टे ओढून बघा, ते पहिल्या तासात ढिले होतातच. मग खाली बसून लाल रेघा मोजा. सगळ्या सरळ असतील तर मालेगावच्या दिशेला लागा. एखादी तुटलेली असेल तरी हरकत नाही, नाशिक अजून तासाभरावरच आहे.